माहेरचं मत

आमच्या संस्थानातल्या स्टेट काँग्रेसने निवडणुकीवर बहिष्कार टाकायचं ठरवलं, आणि त्याच आठवड्यात गोदाकाकू वालूरकर माझी ओटी भरायला आमच्या बरकतपुऱ्याच्या घरी आल्या. बरोबर गल्लीतल्या चार सुवासिनी. दारात मोटार. सोप्यावर मामंजी, म्हणजे माझे सासरे दिगंबरराव मुदखेडकर, कचेरीची दस्तार पगडी खुंटीला टांगून काळ्या टोपीत बसलेले, आणि त्यांच्या समोर गोदाकाकूंचे यजमान, वकील तात्यासाहेब.

तात्यासाहेब कायदेसभेसाठी पदवीधरांच्या गटातून उभे होते. शहरात पदवीधर मुळात थोडे, त्यातून मत द्यायला निघणारे त्याहून थोडे. आमच्या घरात दोन पदवीधर, मी आणि माझे यजमान. यजमानांचं नाव मुकुंद. घरात मी ते घेत नाही, पण इथे घेतल्याशिवाय सांगता येणार नाही.

"पदर पसर गं," काकू म्हणाल्या.

"काकू, आज कसली ओटी? ना सण, ना वार."

"लेकीच्या ओटीला मुहूर्त बघायचा असतो होय? तुला ना आई, ना भाऊ. आजपासून आमचं घर ते तुझं माहेर."

मागून एकीने हळूच टोला हाणला, "बी. ए. झालेल्या लेकीची ओटी भरली की मतही पदरात पडतं म्हणतात." सगळ्या हसल्या. काकूही हसल्या, पण हात थांबला नाही. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी आणि वर जडसा नारळ. सुवासिनीने ओटी नाकारायची नसते. दीड वर्षांची नलू माझ्या गुडघ्याला धरून उभी होती आणि पदरातले तांदूळ मुठीत घेऊ पाहत होती.

"मतदानाच्या दिवशी मोटार पाठवते," काकू कुंकू लावताना म्हणाल्या. "लेक आली म्हणजे झालं."

बायका देवघराकडे वळल्या आणि मी माजघराच्या दाराआड थांबले. सोप्यावरचं बोलणं तिथे स्वच्छ ऐकू येतं.

"मुकुंदाचं नाव पुन्हा वर गेलंय, दिगंबरराव," तात्यासाहेब सांगत होते. "पोलीस अमीन परवा मला विचारत होता. मी म्हटलं, ते घर आमचं आहे, तिकडे बघू नका. पण घर आमचं आहे हे दिसायला नको का? दोन मतांतलं एकही आलं नाही, तर मी कुठल्या तोंडानं बोलू?"

"मुकुंद काही ऐकणार नाही."

"त्याचं राहू द्या. सूनबाई आल्या तरी पुरे. जामीन तुम्ही आहात. विसरला नाहीत ना?"

मामंजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "जबान दिली."

जामिनाची गोष्ट घरात कुणीच विसरलेलं नव्हतं. अडतीस सालच्या सत्याग्रहात मुकुंद कॉलेज सोडून तुरुंगात गेला आणि तिथे त्याच्या छातीत पाणी झालं. तात्यासाहेबांनी वरपर्यंत शब्द टाकला, मामंजींनी मुलगा नीट वागेल असं लिहून दिलं, तेव्हा कुठे तो सुटला; पदवी त्याने नंतर घेतली. अफझलगंजच्या डॉक्टरांनी पाणी काढलं आणि मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं, ही छाती दुसरा तुरुंग सोसणार नाही. मी लग्न होऊन आले ती हे वाक्य ऐकतच. थंडी पडली की मी त्याचा खोकला ऐकत राहते. तुटक असला तर झोपते. ओला वाटला तर उठून बसते.

गंमत अशी की त्या सत्याग्रहात मुकुंदाला नेणारे तात्यासाहेबच होते. तेव्हा त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी होती. पुढे ती काळी झाली, पुढे मखमली झाली. आता ते म्हणत, सरकार देतं आहे तेवढं आधी पदरात पाडून घ्यावं, पुढचं पुढे. मामंजी आयुष्यभर कुठल्याच पक्षाचे नव्हते, ते आता तात्यासाहेबांचे होते. आणि मुकुंद? उन्हाळ्यात त्याला या निवडणुकीचं कोण कौतुक होतं. त्यानेच माझं नाव मतदारांत घातलं, सही करताना माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मुदखेडकरांच्या घरात बाईला मत! आजोबा असते तर जेवले नसते." आता त्याच्या पक्षाने ठरवलं होतं की ही सभा नुसता देखावा आहे, अधिकार काडीचा नाही, तेव्हा कुणी मत द्यायचं नाही.

संध्याकाळी तो स्वयंपाकघरात आला आणि देवापुढचा नारळ त्याला दिसला.

"कुणाचा?"

"माहेरहून आला."

"तुला माहेर आहे?"

"आजपासून आहे."

तो हसला आणि हसता हसता खोकला. मी कान दिले. कोरडा होता.

"वालूरकरांचा ना? जाऊ नकोस तू. मी दारात उभा असणार त्या दिवशी."

"कुठल्या दारात?"

"मतदानाच्या. आम्ही काहीजण. हात जोडून उभं राहायचं, कुणाला अडवायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही."

"जमावबंदी आहे."

"ठाऊक आहे."

"आणि छाती?"

"ती कुठे जाते? तीही येईल माझ्याबरोबर."

मला हसू आलं नाही. मी भाकरी उलटली. "उन्हाळ्यात तुम्हीच माझं नाव घातलंत."

"तेव्हा पक्षाचं ठरलं नव्हतं."

"म्हणजे पक्षाचं ठरेपर्यंत मत माझं. ठरल्यावर कुणाचं?"

तो उंबऱ्यावर बसला. नलू त्याच्या पाठीवर चढायला लागली. तिला सावरत म्हणाला, "कुमुद, माझ्या डोळ्यांसमोरून तू आत गेलीस, तर बरोबरच्यांना मी काय तोंड दाखवू?"

आणि मी गेले नाही तर तुम्हाला घेऊन जातील, हे वाक्य माझ्या ओठावर होतं. ते बोलले असते तर तो मुद्दाम सगळ्यांच्या पुढे उभा राहिला असता. मी त्याला ओळखते. मी पुढची भाकरी थापायला घेतली.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. सासूबाईंना ना मत, ना अक्षर. त्या नारळाकडे बोट दाखवून एवढंच म्हणाल्या, "ओटीचा नारळ आमटीबिमटीत घालू नको हो. त्याचं गोडच करायचं असतं, आणि घरातल्यांनीच खायचं."

मतदानाच्या दिवशी मुकुंद उजाडताच बाहेर पडला. मी त्याच्या गळ्याला मफलर गुंडाळला. त्याने तो काढला नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही. मोटार आली तेव्हा मामंजी सोप्यावर येरझारा घालत होते. मला म्हणाले, "नलूला ठेव घरी."

"रडेल ती," मी म्हटलं आणि तिला कडेवर घेतलं. खरं सांगायचं तर मला एकटीने जायची भीती वाटत होती.

मतदान शाळेच्या इमारतीत होतं. फाटकाच्या डाव्या हाताला ते सगळे रांगेने उभे होते, पांढऱ्या टोप्या घालून, हात जोडून. मुकुंद फाटकापासून दुसरा. उजव्या हाताला झाडाखाली खुर्च्या टाकलेल्या, तिथे तात्यासाहेब आणि त्यांची मंडळी. मधोमध अमीन, छडी बगलेत. त्याचा एक शिपाई रांगेतल्या एकेकाजवळ जाऊन नाव विचारत होता. आणि भिंतीला लागून एक लॉरी उभी होती, रिकामी, मागची फळी खाली सोडलेली.

मी मोटारीतून उतरले आणि आधी ती फळीच मला दिसली. शिपाई नावं विचारतोय, लॉरी रिकामी आहे, फळी उघडी आहे. मतदान संपलं की यांना उचलणार. आत्ता नेलं तर मतदारांसमोर तमाशा होईल, म्हणून थांबलेत. तात्यासाहेबांना हे ठाऊक होतं का? त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. ते हसून मला हाताने बोलावत होते. मी मत टाकलं की घर त्यांचं ठरणार होतं. पण मग ते अमीनाकडे शब्द टाकणार कधी? टाकणार तरी का? मत तर एव्हाना पेटीत पडलेलं असणार.

"बाबा!" नलू ओरडली आणि रांगेकडे झेपावली.

रांगेतल्या दोघातिघांनी मान वळवली. मुकुंदने जोडलेले हात सोडले नाहीत. ओठ मात्र दाबून धरले. शिपायाने अमीनाकडे पाहिलं.

मी पदर डोक्यावरून नीट घेतला आणि फाटकाकडे न जाता सरळ झाडाखाली गेले. नलूला खाली उभं केलं, वाकले आणि तात्यासाहेबांच्या पायांना हात लावला. भर रस्त्यात, सगळ्यांदेखत, लेकीने बापाला करावा तसा नमस्कार.

"अखंड सौभाग्यवती भव!" ते सवयीने बोलून गेले. खूश झाले होते.

मी उठले, पण मागे सरले नाही. चारचौघांत मोठ्याने बोलायची मला सवय नाही. कॉलेजातसुद्धा मी मागच्या बाकावर बसायची. त्या दिवशी बोलले.

"काका, ओटी भरलीत, लेक म्हणालात. आता आशीर्वाद दिलात. मग आज संध्याकाळी तुम्ही आमच्याकडे जेवायला या. माहेरचं माणूस पहिल्यांदा घरी जेवतंय, ओटीच्या नारळाचं गोड करते. तुमचा पाट जावयाच्या शेजारी मांडते. जावई असतील ना जेवायला?"

झाडाखालची कुजबुज थांबली. तात्यासाहेबांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे लॉरीकडे गेले आणि परत आले. तेव्हा मला कळलं की त्यांना ठाऊक होतं.

अमीन दोन पावलं पुढे आला. त्याला मराठी सगळी नाही, पण मतलबापुरती कळत असावी. "वकीलसाब, ये आपकी बेटी है?"

आजूबाजूला सगळे त्यांचेच मतदार उभे होते. गोदाकाकूंना ओटी भरताना पाहिलेल्या बायकांचे नवरेही त्यात होते.

"हौ," तात्यासाहेब म्हणाले. "बेटी है."

"और वो, मफलरवाले?"

एक मोटार येऊन थांबली, कुणी उतरलं, दार लागलं. तेवढा वेळ तात्यासाहेबांनी घेतला.

"दामाद हैं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, जरा कोरड्या आवाजात, "येईन मी. जावईही असतील."

मी नलूला उचललं आणि फाटकाकडे निघाले. मुकुंदच्या समोरून जाताना आमच्यात एका हाताचं अंतर होतं. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. नलूने त्याच्या टोपीला हात घातला, मी तो सोडवला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

आत पडद्यामागे माझ्या हातात कागद होता. कोरा टाकावा असं मनात आलं. कुणाला कळलं असतं? तात्यासाहेबांना मत मिळालंसं वाटलं असतं आणि मुकुंदला कधीतरी कानात सांगता आलं असतं. पण ज्यांच्याकडून सौभाग्य मागून घेतलं, त्यांना पाठीमागून कोरा कागद द्यायचा, हे मला जमेना. मी तात्यासाहेबांच्या नावासमोर खूण केली. जन्मातलं पहिलं मत. उन्हाळ्यात ज्या मताचा विचार करून मी रात्री जागी राहायची, ते हे नव्हतं.

दुपार मी नारळ खवण्यात घालवली. सासूबाई विस्तवापाशी बसून वड्यांचं सारण ढवळत होत्या. मध्येच शेजारच्या वहिनी धावत आल्या, "लॉरी भरून गेली हो! सगळ्यांना नेलं म्हणतात." कुणाकुणाला, ते त्यांना सांगता येईना. माझा हात विळीवर सरकला. सासूबाईंनी नुसतं पाहिलं, हळदीचा डबा पुढे केला आणि सारण ढवळत राहिल्या.

दिवेलागणीला तात्यासाहेब आले. काकू नव्हत्या, एकटेच. मामंजींनी पाय धुवायला पाणी दिलं. तीन पाट मांडले होते. मधला रिकामा. दोघेही तिकडे न बघता बोलत होते, पिकाबद्दल, थंडीबद्दल. कशालाच पुढचं वाक्य मिळत नव्हतं. अंबाडीची भाजी निवत होती.

मग फाटक वाजलं आणि खोकला आला.

मुकुंद एकटा होता. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, अंगावर धूळ. पायसुद्धा न धुता तो सरळ माजघरात आला.

"कांबळं दे," तो मला म्हणाला.

"कुठे निघालात?"

"चौकीवर." त्याचा आवाज फाटला होता. "सगळ्यांना चढवलं. मी फळीवर पाय ठेवला, तर अमीनाने मला हाताला धरून खाली उतरवलं. म्हणाला, दामादसाब, आप घर जाइए. लॉरीतून सगळे माझ्याकडे बघत होते, कुमुद. सगळे."

हेच तर मी मागितलं होतं.

सोप्यावरून मामंजींचा आवाज आला, "मुकुंदा, पाट मांडलाय. पाहुणे थांबलेत."

तो बाहेर गेला, बसला मात्र नाही. तात्यासाहेब म्हणाले, "बस. मी आज शब्द दिलाय की तू घरी जेवशील. शहराने ऐकलाय तो."

"शब्द तुमचा. माझा नाही."

"पोरी, सांग तू याला."

मी दारात उभी होते, हातात वड्यांचं ताट. माझ्याकडे कुणीच बघत नव्हतं. मी म्हटलं, "यांना कांबळं देते मी. पण आधी काकांनी सांगावं, अडतीस साली ते चौकीवर होते तेव्हा बाहेर जेवले होते का?"

हे मला मुकुंदनेच कधीतरी सांगितलेलं होतं. तेव्हाही पोलिसांनी तात्यासाहेबांना वकील म्हणून सोडलं होतं, आणि ते चौकीच्या पायरीवर उपाशी बसून राहिले होते, बरोबरची मुलं आत आहेत म्हणून. त्या मुलांत मुकुंद होता.

मुकुंद चमकून माझ्याकडे वळला. तात्यासाहेब पाटावर बसले होते, ते तसेच समोरच्या ताटाकडे पाहत राहिले. मामंजी घसा खाकरत म्हणाले, "जुन्या गोष्टी कशाला..."

"सोबतचे आत असताना जेवू नये," मुकुंद म्हणाला, "हे मला कुणी शिकवलं?"

तात्यासाहेब हळूच उठले. गुडघा धरून, म्हाताऱ्या माणसासारखे. खुंटीवरची मखमली टोपी त्यांनी हातात घेतली, डोक्यावर घातली नाही. "निकाल लागायच्या आधी माझा शब्द पडला, तर हे शहर मला काय म्हणेल?" ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. मग मामंजींकडे वळून, जरा चिडूनच, "तुमची सून वकील व्हायची ती चुकून बी. ए. झाली, दिगंबरराव." आणि मुकुंदला, "चल. मोटारीत बस. जामीन मी राहतो, सगळ्यांना. पण तिथे तू तोंड उघडायचं नाहीस."

"मी घोषणा देईन."

"घरी येऊन दे."

दोघे गेले. मुकुंदने कांबळं नेलंच. मोटारीचा आवाज वळणावर विरला. मामंजी दोन रिकाम्या पाटांशेजारी बसून राहिले. मी ताटं झाकली. नलूला पाजलं. ती झोपेना, फाटकाकडे बघत बसली. सुटले नाहीत तर? तात्यासाहेबांचं आता तिथे चालतं का? पांढऱ्या टोपीचे ते राहिले नव्हते, आणि आजनंतर काळ्या टोपीवाले तरी त्यांना आपलं म्हणणार होते का? मी त्या म्हाताऱ्याचंही घर मोडून ठेवलं की काय?

सासूबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी पुढे ठेवलेला तांदळाचा डबा पुन्हा उघडला.

"किती धुऊ?" मी विचारलं.

"आधी कान दे," त्या म्हणाल्या.

लांबून मोटार येत होती. ती थांबायच्या आधी मला खोकला ऐकू आला, कोरडा, तुटक. आणि मग मोटारीमागून पावलं, एकाची नव्हेत, कितीतरी जणांची, आणि कुणीतरी हसत होतं.

"सगळेच धू," सासूबाई म्हणाल्या.

सोप्यावर पाट पुरले नाहीत. पोरं सतरंजीवर बसली, तात्यासाहेब त्यांच्यात. कुणी त्यांच्याशी फारसं बोललं नाही, पण कुणी उठूनही गेलं नाही. एका नारळाच्या वड्या इतक्यांना कशा पुरणार? शिवाय घरातल्यांनीच खायचं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सुरी पुढे केली. मी एकेका वडीचे चार तुकडे केले आणि सगळ्यांना वाढले.

मुकुंद जेवला. भात घेतला, भाजी पुन्हा मागितली. माझ्याशी तो त्या दिवशी बोलला नाही, त्यानंतरही बरेच दिवस कामापुरतंच बोलला. वडीचा तुकडा त्याने ताटाच्या कडेला तसाच ठेवला. नलू रांगत्या पोरासारखी हातांवर पुढे झाली, त्याच्या मांडीवर चढली आणि तो तुकडा उचलून तोंडात घातला. त्याने तिला अडवलं नाही. तिच्या हनुवटीला लागलेली साखर त्याने अंगठ्याने पुसली आणि आचवायला उठला.